कोळंबीचं टरफल आणि औषधाचा कण

माझी रोजची लोकल ऑकलंडहून दक्षिणेला निघते आणि पेनरोजला थांबते. १८७३ साली सुरू झालेल्या रेल्वेचा ओनेहंगाचा फाटा आजही इथूनच मानुकाऊच्या खाडीकडे वळतो. स्टेशनाबाहेर गोदामं, छोटे-मोठे कारखाने आणि ट्रकची ये-जा. जवळच माउंट स्मार्टचं स्टेडियम. ज्या ज्वालामुखीच्या टेकडीचा दगड वर्षानुवर्षं खणून नेला, तिच्याच जागेवर ते उभं आहे. अशा वसाहतीत कच्चा माल ड्रमात येतो आणि ड्रमाबरोबर एक कागद येतो. त्यावर मालाची तपासणी केलेले आकडे असतात. कारखान्यात त्याला ‘सीओए’ म्हणतात. हा कागद जुळला नाही, तर ड्रम उघडतही नाहीत.

कोळंबीच्या टरफलापासून मिळणाऱ्या कायटोसानचे कण करून त्यातून औषध किंवा दुसरा एखादा गुणकारी पदार्थ हळूहळू सोडायचा, या विषयावर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत प्रचंड लिहिलं गेलं आहे. ते पुन्हा वाचताना मला सारखा तो कागद आठवत राहिला. कण कसा करायचा हे आपल्याला बऱ्यापैकी कळलं आहे. तो कण दुकानापर्यंत का पोचत नाही, याचं उत्तर प्रयोगशाळेच्या बीकरमध्ये कमी आणि टरफलांच्या ढिगात जास्त आहे, असं माझं मत झालं आहे. हा आढावा त्या मताच्या बाजूने लिहिलेला आहे.

आपल्याकडे घरोघरी मधुमेहाच्या गोळ्यांच्या पट्टीवर नावापुढे ‘एसआर’ ही अक्षरं दिसतात. औषध एकदम न सुटता तासन् तास थोडंथोडं सुटेल, एवढाच त्यांचा अर्थ. १९५२ साली स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच या अमेरिकी कंपनीने ‘स्पॅन्स्यूल’ नावाची कॅप्सूल बाजारात आणली. तिच्यात कमी-जास्त जाडीचा लेप दिलेले बारीक दाणे होते. पातळ लेपाचे आधी विरघळत, जाड लेपाचे नंतर. पुढे ही विद्या दाण्यावरून सूक्ष्मकणावर आणि तिथून नॅनोकणावर आली. हेतू तोच राहिला: रक्तातला औषधाचा चढउतार कमी करायचा आणि डोस कमी वेळा द्यायचे.

कायटोसानची जन्मकथा याहून खूप जुनी. १८११ साली फ्रान्समधल्या नान्सीच्या वनस्पती-उद्यानाचे प्रमुख आंरी ब्राकोनो यांना अळंबीत अल्कलीला दाद न देणारा एक पदार्थ सापडला. १८२३ मध्ये ओदिए यांना तो कीटकांच्या कवचात मिळाला आणि अंगरख्याला असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यांनी त्याला कायटिन म्हटलं. १८५९ मध्ये रूजे यांनी ते तीव्र पोटॅशमध्ये उकळलं. उरलेला पदार्थ पातळ आम्लात विरघळू लागला. त्याचं कायटोसान हे बारसं १८९४ मध्ये होप-सायलर यांनी केलं.

रचनेने तो कापसातल्या सेल्युलोजचा सख्खा भाऊ. फरक एकाच जागेचा. साखळीच्या प्रत्येक कडीवर सेल्युलोजमध्ये जिथे हायड्रॉक्सिल गट असतो, तिथे कायटिनमध्ये असेटिल जोडलेला अमिनो गट असतो. अल्कलीत उकळून असेटिल उतरवलं की अमिनो गट मोकळा होतो आणि सामू साधारण साडेसहाच्या खाली गेला की तो धन विद्युतभार घेतो. निसर्गातल्या लांब साखळीच्या शर्करा बहुतेक भारहीन किंवा ऋणभारित असतात. हा एक धनभारित. सगळी करामत त्या भाराची आहे. नाकातल्या किंवा आतड्यातल्या ऋणभारित श्लेष्म्याला चिकटणं, पेशींमधले घट्ट सांधे थोडा वेळ सैल करणं, रक्त थांबवणं, जिवाणूच्या भिंतीला भिडणं, हे सगळं त्यातूनच येतं.

कण करण्याच्या रीती पुष्कळ आहेत. सुरुवातीच्या काळात जोर होता तो ग्लुटारल्डिहाइडवर. कायटोसानचं द्रावण तेलात घुसळून त्याचे थेंब करायचे आणि ग्लुटारल्डिहाइडने साखळ्या एकमेकींना बांधून टाकायच्या. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत थनू, सनी आणि जयकृष्णन यांनी १९९२ मध्ये या मार्गाने सुबक सूक्ष्मगोल करून दाखवले. ते काम आजही वाचण्यासारखं आहे. अडचण बांधणाऱ्या रसायनाची. ग्लुटारल्डिहाइड विषारी आहे, शिवाय ते कायटोसानच्या अमिनो गटाला जसं पकडतं तसंच औषधाच्या अमिनो गटालाही पकडतं. प्रथिनाचं औषध असेल तर कणाबरोबर औषधही बांधलं जातं आणि कायमचं निकामी होतं. गार्डेनियाच्या फळापासून मिळणारं जेनिपिन त्यापेक्षा सौम्य, पण महाग. फवारून वाळवणं कारखान्याला सोयीचं पडतं, मात्र त्यातून मिळणारे कण सहसा मायक्रॉनच्या घरातले असतात. समुद्री शेवाळातल्या अल्जिनेटशी गाठ घालून दोन थरांचा कण करण्याची रीतही रुळली आहे.

चित्र बदललं ते १९९७ मध्ये. स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेला इथे काल्वो, अलोन्सो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण साधी कृती मांडली. कायटोसान पातळ असेटिक आम्लात विरघळवायचं आणि ते ढवळत असताना सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेटचं, म्हणजे टीपीपीचं, पातळ द्रावण घालायचं. तेल नको, उष्णता नको, विषारी रसायन नको. टीपीपीच्या आयनावरचे ऋणभार कायटोसानच्या धनभारांना ओढून धरतात आणि लांब साखळी स्वतःभोवती गुंडाळून गाठ बनते. करून पाहणाऱ्याला हे डोळ्यांनी दिसतं. आधी द्रावण नितळ असतं, मग त्यात निळसर दुधाळ झाक येते, आणि टीपीपी जास्त झालं की गुठळ्या तळाशी बसतात. ती झाक म्हणजे काहीशे नॅनोमीटरचे कण. नितळ आणि गुठळी यांच्यामधली ही पट्टी अरुंद असते आणि सगळं कौशल्य तिच्यात राहण्याचं आहे. कोळंबी गोठवण्याआधी तिच्यात पाणी टिकून राहावं म्हणून मत्स्यप्रक्रिया कारखान्यांत वापरतात तेही हेच टीपीपी. ज्या शेडमध्ये टरफल निघतं, तिथेच त्याला कण बनवणारं मीठही पोत्यात असू शकतं.

ही कृती सोपी असल्यामुळेच तिच्यावर हजारो निबंध निघाले आणि सोपेपणाने थोडी फसगतही केली. तिच्यातली एक खोच पुण्यात नेमकी पकडली गेली. एरंडवण्यातल्या भारती विद्यापीठाच्या पूना कॉलेज ऑफ फार्मसीत देविका भुमकर आणि वर्षा पोखरकर यांनी २००६ मध्ये टीपीपीच्या द्रावणाच्या सामूकडे लक्ष वेधलं. टीपीपी पाण्यात विरघळलं की द्रावणाचा सामू नऊच्या आसपास जातो. त्यात ट्रायपॉलिफॉस्फेटचे आयन असतात तसेच हायड्रॉक्सिलचेही असतात. कायटोसानच्या धनभारित गटांसाठी दोघांची स्पर्धा लागते. हायड्रॉक्सिल जिंकला तर अमिनो गटाचा भार जातो आणि साखळी नुसती साकळते. गाठ बसल्यासारखी दिसते, पण बसलेली नसते. द्रावण आधीच आम्लधर्मी करून घेतलं तर फॉस्फेटचे आयन एकटेच उरतात आणि खरी आयनी गाठ पडते. एकाच नावाने छापलेल्या दोन कृतींतून दोन वेगळे कण का निघतात, याचं यापेक्षा स्वच्छ स्पष्टीकरण मी वाचलेलं नाही. बाहेरून सारखाच दिसणारा कण आतून भार गमावून गोठलेला असेल, तर तो औषध वेगळ्या वेगाने सोडणार.

त्याच मंडळींनी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या मुरली शास्त्री आणि हृषिकेश जोशी यांच्याबरोबर पुढच्याच वर्षी आणखी एक काम प्रसिद्ध केलं. त्यात कायटोसाननेच सोन्याच्या क्षारातून सोन्याचे नॅनोकण तयार केले, त्यांना स्थिर ठेवलं आणि त्यांच्यावर इन्सुलिन वाहून नेलं. मधुमेही उंदरांमध्ये तोंडावाटे दिल्यावर रक्तातली साखर सुमारे ३० टक्के आणि नाकावाटे दिल्यावर सुमारे २० टक्के उतरली. तोंडावाटे दिलेला डोस मात्र नाकावाटे दिलेल्याच्या पाचपट होता. ‘तोंडाने घ्यायचं इन्सुलिन’ या बातमीत हा पाचपटीचा आकडा बहुधा गाळला जातो.

या विषयावरच्या आधीच्या आढाव्यांत धारवाडचं नाव घ्यायला हवं. मराठी वाचकाला धारवाड जी. ए. कुलकर्णींमुळे माहीत. कायटोसानचं काम करणाऱ्याला ते आणखी एका कारणाने माहीत असतं. कर्नाटक विद्यापीठातल्या अग्निहोत्री, मल्लिकार्जुन आणि अमिनभावी यांनी २००४ मध्ये कायटोसानच्या सूक्ष्म आणि नॅनोकणांचा जो आढावा लिहिला, तो जगभर या विषयाचं पहिलं पाठ्यपुस्तक असल्यासारखा वापरला गेला. रीतींची मांडणी त्यात उत्तम आहे. टरफल कुठलं, हा प्रश्न मात्र त्या काळच्या बाकी लिखाणाप्रमाणे तिथेही कडेलाच राहतो.

आता सोडणुकीकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त भोंगळपणा इथे आहे. कणातून औषध बाहेर कसं येतं? काही कणाच्या पृष्ठभागावर चिकटलेलं असतं, ते पाण्यात पडताच धुऊन जातं. हा सुरुवातीचा लोंढा जवळपास प्रत्येक आलेखात दिसतो. उरलेलं फुगलेल्या जाळीतून झिरपत येतं आणि शेवटचं जाळीच तुटल्यावर. हिगुची यांनी १९६१ मध्ये गणिताने दाखवलं की मलमातून झिरपणारं औषध वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात सुटतं. कोर्समायर, पेपास आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये त्याहून सैल सूत्र दिलं, जे जवळपास कुठल्याही आलेखावर बसवता येतं. आणि बसवलं जातंच. सूत्र बसलं म्हणजे यंत्रणा कळली, असं मात्र होत नाही.

मोजण्याच्या पद्धतीतही गोची आहे. पुष्कळ ठिकाणी कण एका पारपटलाच्या पिशवीत भरून ती पिशवी ७.४ सामूच्या फॉस्फेट द्रावणात सोडतात आणि बाहेर किती औषध आलं ते मोजतात. औषधाला आधी कणातून निघायचं असतं आणि मग पिशवीतून. पिशवीने लावलेला उशीर कणाच्या खात्यावर जमा होतो. नुसतं मोकळं औषध त्याच पिशवीत भरून पाहिलं तर हा उशीर दिसतो, म्हणून ती तुलना नसलेल्या निबंधावर मी फार विसंबत नाही. शिवाय ७.४ ला कायटोसान मुळात विरघळत नाही, त्यामुळे कण दगडासारखा टिकतो. शरीरात गेल्यावर लायसोझाइम नावाचं विकर त्याला चावायला लागतं आणि रक्तातले क्षार आयनी गाठी सैल करतात, हे त्या भांड्यात घडत नाही.

पोटातली गोष्ट आणखी अवघड. जठरात सामू एक-दोनच्या घरात असतो. तिथे कायटोसान विरघळतं, टीपीपीचे भार मरतात आणि गाठ सुटते. पुढे आतड्यात सामू सातकडे जाऊ लागतो आणि ज्या धनभाराने चिकटायचं तोच भार नाहीसा होतो. म्हणजे एका ठिकाणी कण टिकत नाही आणि दुसऱ्या ठिकाणी टिकला तरी चिकटत नाही. यावर दोन उपाय चालतात. एक, जठरात न विरघळणारा लेप. दुसरा, कायटोसानमध्येच बदल, म्हणजे कुठल्याही सामूला भार धरून ठेवणारं ट्रायमेथिल कायटोसान किंवा श्लेष्म्याशी गंधकाची गाठ मारणारं थायॉल जोडलेलं कायटोसान. दोन्ही हुशार आहेत. पण बदललेला रेणू औषध-नियामकाच्या लेखी नवा पदार्थ ठरतो आणि सुरक्षिततेची परीक्षा पहिलीपासून द्यावी लागते. नाक त्या मानाने दयाळू जागा आहे. तिथला सामू थोडा आम्लाकडे झुकलेला असतो. १९९४ मध्ये नॉटिंगहॅमच्या लिस्बेथ इलम आणि सहकाऱ्यांनी कायटोसानबरोबर इन्सुलिन उंदरांच्या आणि मेंढ्यांच्या नाकात देऊन शोषण वाढल्याचं दाखवलं, तेव्हापासून नाकाची आशा कोणी सोडलेली नाही.

एवढं सगळं असताना बाजारात काय आहे? जखमेवरच्या पट्ट्या आहेत. अमेरिकेत २००२ मध्ये मंजुरी मिळालेली हेमकॉनची रक्त थांबवणारी पट्टी सैनिकांच्या पिशवीत पोचली. इथे न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठातल्या रसायनज्ञांच्या कामातून ‘कायटोजेल’ आलं. सायनसच्या शस्त्रक्रियेनंतर नाकात भरायचं हे कायटोसान आणि डेक्स्ट्रानचं जेल आहे. युरोपीय औषधकोशात कायटोसान हायड्रोक्लोराइडला जागा आहे. पण कायटोसानच्या कणांत भरलेलं, नियंत्रित सोडणुकीचं औषध केमिस्टकडे मागून मिळत नाही. पट्टीला आणि जेलला कायटोसानचा भार पुरतो. नियंत्रित सोडणुकीला मात्र तो भार दर वेळी तेवढाच असावा लागतो.

म्हणून कायटोसानच्या भावाकडे, सेल्युलोजकडे, पाहावं. एसआर गोळीतला सर्वांत नेहमीचा पदार्थ म्हणजे एचपीएमसी, सेल्युलोजपासून केलेला. त्याच्या ड्रमावर ‘के४एम’, ‘के१००एम’ असं लिहिलेलं असतं. आकडा म्हणजे दोन टक्के द्रावणाचा दाटपणा, चार हजार किंवा एक लाख सेंटिपॉइझ. त्या आकड्यावर भरवसा ठेवून गोळी करणारा रात्री निवांत झोपतो. दुसरं उदाहरण इथल्या मातीतलं. पेनरोजहून दीड-दोन तासांवर हॅमिल्टनला न्यूझीलंडच्या नियंत्रित सोडणुकीने खरं नाव कमावलं. ‘सीडर’ हे गायीच्या योनिमार्गात आठवडाभर ठेवायचं टी-आकाराचं साधन तिथलं. नायलॉनच्या कण्यावर प्रोजेस्टेरॉन मिसळलेल्या सिलिकॉनचा थर. रॅथबोन आणि सहकाऱ्यांनी वापरून झालेल्या साधनात किती औषध शिल्लक राहतं ते तपासलं, सिलिकॉनचा थर पातळ केला आणि १.९ ग्रॅमऐवजी १.३८ ग्रॅम प्रोजेस्टेरॉनवर तेच काम करून घेतलं. औषध इतकं नेमकं कमी करता आलं, कारण सिलिकॉन प्रत्येक खेपेला तेच सिलिकॉन होतं.

कायटोसानच्या डब्यावर काय लिहिलेलं असतं? ‘असेटिल काढल्याचं प्रमाण ७५ ते ८५ टक्के’ आणि ‘रेणुभार मध्यम’. हा पट्टा इतका रुंद आहे की त्याच्या दोन टोकांचे नमुने एकाच टीपीपीला दोन वेगळी उत्तरं देतात. प्रमाण कमी म्हणजे भार कमी आणि लायसोझाइमला खाणं सोपं. रेणुभार जास्त म्हणजे द्रावण दाट आणि कण मोठा. शिवाय असेटिल साखळीभर विखुरलेलं आहे की गठ्ठ्याने बसलेलं आहे, हे त्या लेबलवर नसतंच. त्यात राख, उरलेलं प्रथिन, जड धातू आणि जिवाणूंची एंडोटॉक्सिनं. एंडोटॉक्सिन ऋणभारित, कायटोसान धनभारित. एकदा चिकटलं की सुटता सुटत नाही. टोचून द्यायच्या औषधाला हे चालत नाही.

हा सगळा गोंधळ टरफलापासून सुरू होतो. कोळंबीचं डोकं आणि कवच काढलं की वजनाचा जवळपास निम्मा भाग बाजूला पडतो. त्यात कायटिन असतं कोरड्या वजनाच्या पाव हिश्शाच्या आसपास, बाकी प्रथिन आणि कॅल्शियम कार्बोनेट. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना काढायचा, पातळ कॉस्टिकने प्रथिन काढायचं आणि चाळीस-पन्नास टक्क्यांच्या तीव्र कॉस्टिकमध्ये तापवून असेटिल उतरवायचं. कृती जुनी आहे आणि कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने ती आपल्याकडे कधीच बसवून दिली आहे. फरक पडतो तो त्याआधी. टरफल उन्हात चार तास पडलं की सडायला लागतं. करंदी, टायगर आणि शेततळ्यातली वनामी एकाच ढिगात आली की प्रत्येक कवचाची जाडी वेगळी, चुना वेगळा, आम्लाला लागणारा वेळ वेगळा. पातळ कवचाची साखळी तुटते आणि जाडातला चुना उरतो. त्या मिश्रणातून निघणारा रेणुभार हा सरासरीचा आकडा असतो आणि सरासरीने कण बनत नाहीत.

इथे न्यूझीलंडला एक नैसर्गिक सोय आहे. दक्षिणेच्या थंड पाण्यात मिळणाऱ्या माकलीच्या पाठीत प्लास्टिकच्या पट्टीसारखा पारदर्शक काटा असतो. साफ करताना आपल्याकडची बाई तो ओढून टाकते. तो जवळजवळ निव्वळ कायटिन आणि प्रथिन. चुना नाहीच, म्हणून आम्लाची पायरी गळते. त्यातलं कायटिन बीटा प्रकारचं. साखळ्या एका दिशेने मांडलेल्या आणि एकमेकींना सैल धरलेल्या, त्यामुळे कॉस्टिक लवकर आत शिरतं आणि साखळी कमी तुटते. एका जातीचा, एका हंगामाचा, बोटीवरच गोठवलेला काटा. कोळंबीच्या मिश्र ढिगाशेजारी ठेवला तर कच्चा माल म्हणून तो फार सरस ठरतो. कोकणातही माकूल येते, पण तो काटा वेगळा जमा करण्याइतकी ती एका जागी साचत नाही. शाकाहारी ग्राहकासाठी आणि कोळंबीची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी तिसरा मार्ग बुरशीचा. अ‍ॅस्परजिलस नायजरपासून केलेलं कायटोसान युरोपात वाइन निवळायला वापरतात. टाकीत वाढवलेली बुरशी ऋतू पाळत नाही, हा तिचा मोठा गुण.

मग रत्नागिरीने काय करावं? ‘टाकाऊतून सोनं’ अशा मथळ्यांनी या प्रश्नाचं नुकसान केलं आहे, कारण त्यात हिशोब टनांचा असतो. टनावारी निघालेलं कायटोसान सांडपाणी निवळायला जातं आणि त्या भावाने विकलं जातं. शिवाय ते करताना आम्ल आणि कॉस्टिकचं पाणी कुठेतरी सोडावं लागतं. लोटे परशुरामच्या रासायनिक वसाहतीच्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांनी इतकी वर्षं तक्रारी केल्या आहेत. त्यांच्याच टरफलांसाठी आणखी एक नळ खाडीत सोडायचा, हे मला कोणत्याही भावात पटणार नाही. चुना आणि प्रथिन काढायला लॅक्टिक आम्लाच्या जिवाणूंचं आंबवण आणि विकरं वापरता येतात. ते सावकाश चालतं आणि शेवटची कॉस्टिकची पायरी तरीही उरते, पण पाणी बरंच सौम्य होतं.

औषधाच्या कणाला लागणारं कायटोसान किलोंत मोजतात. त्यासाठी शंभर टन ढीग नको. एका जातीची, एका आकाराची, निघाल्यापासून तासाभरात बर्फात गेलेली टरफलं हवीत आणि डोकी त्यांच्यापासून वेगळी. समुद्राची कोळंबी जून-जुलैच्या मासेमारी बंदीत थांबते, तेव्हा तळ्यातल्या वनामीचं वेगळं खातं हवं. दोन्ही एकाच नावाने विकायचं नाही. यातलं काहीही अवघड रसायन नाही. सोलणाऱ्या बायकांना ते आजही करता येईल. हातात कोळंबी आली की ती करंदी की वनामी, ताजी की कालची, हे त्यांना कुठल्याही यंत्राआधी कळतं. त्यांची मजुरी सोललेल्या किलोवर ठरते. टरफलाला दर नाही. टोपल्या वेगळ्या ठेवण्यात, बर्फ घालण्यात, टोपलीवर जात आणि तारीख लिहिण्यात जो वेळ जाईल त्याची मजुरी कोण देणार, हे ठरत नाही तोवर त्या टोपलीवर तारीख पडणार नाही, आणि पेनरोजच्या एखाद्या गोदामात त्या मालाचा ड्रम उघडलाही जाणार नाही.